फुगीर चकतीवर कमळ बसवायचंय – रिलीफ (उठावाची नक्षी) अ‍ॅड करावं का मर्ज?

रंधा (परभणी)

नमस्कार मंडळी.

गावाकडच्या देवळाच्या गाभाऱ्याचं दार करायलोय. सागवानी, दोन कवाडांचं. दोन्ही कवाडांच्या मधोमध ३०० मिमी व्यासाची गोल चकती आहे आणि ती सपाट नाही, फुगीर आहे. मधे ४० मिमी वर, कडेला शून्य. तिच्यावर मधे कमळ, कमळाच्या खालून निघालेली पानं आणि काठानं फिरणारी वेल, असं ठरलंय. पाट्या चिकटवून ५५ मिमीचा ठोकळा तयार आहे. मशीन साधं तीन अक्षांचं राउटर (कॉम्प्युटरवरून चालणारं कोरायचं मशीन), नक्षी उभारायचं सॉफ्टवेअर अस्पायर.

फुगवटा, म्हणजे घुमट, क्रिएट शेपनं केला. कमळ आणि पानं एसटीएल (तयार थ्रीडी फाइल) आणली, वेल टू रेल स्वीपनं (दोन रेषांमधून आकार ओढून) काढली. आता ही नक्षी घुमटाला जोडायची अडचण अशी. मर्ज केलं की कमळ दिसतच नाही, घुमटाच्या पोटात जायलंय. वेल तेवढी अगदी काठाशी थोडी डोकावते. अ‍ॅड (उंचीत उंची मिळवणं) केलं की कमळ वर येतंय, पण पाकळी आणि पान जिथं एकमेकांवर येतात तिथं गाठी उठायल्यात. कमळाभोवती एक चौकोनी पाट पण उमटतोय. आणि काठाची वेल मधल्या नक्षीपेक्षा बारकी, चेपल्यासारखी वाटते. उंची तर पानांइतकीच, ४ मिमी दिलीय.

देवाचं काम आहे, घाई नाही, पण नीट व्हावं ही इच्छा. कोणी असं वक्र पृष्ठावर केलं असेल तर सांगा.

---

सागवान_लातूर

दादा, सॉफ्टवेअरचं जाणकार सांगतीलच. माझं एवढंच, की फाइल पक्की झाली तरी पहिला हात सागवानावर फिरवू नका. एमडीएफचे (दाबलेल्या भुशाच्या फळीचे) तुकडे चिकटवून १०० मिमीची चकती काढा, म्हणजे एक तृतीयांश. उंचीसुद्धा त्याच प्रमाणात कमी करा, नाहीतर अंदाज चुकतो. पडद्यावर गोड दिसणारी नक्षी उन्हात धरली की सावल्या कुठं मरतात ते कळतं.

आणि पाट्या चिकटवताना रेघा एका दिशेला ठेवल्यात ना? घुमट कोरला की सांधे गोल गोल दिसायला लागतात. रंग जुळणाऱ्या पाट्या घेतल्या असतील तर हरकत नाही.

---

पटाशी (छत्रपती संभाजीनगर)

रंधाभाऊ, तुमच्या चारही अडचणी वेगवेगळ्या आहेत. एकेक घेतो.

आधी मर्ज. मर्ज काय करतं? एका ठिकाणी दोन उंची आल्या की त्यातली मोठी ठेवतं, लहान सोडून देतं. आर्टकॅम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यालाच मर्ज हायेस्ट म्हणायचे. आता तुमचे आकडे घाला. मधे घुमट ४० मिमी, कमळ समजा ६ मिमी. ४० आणि ६ मध्ये मोठे ४०, म्हणून कमळ गायब. तुमचा घुमट काठापासून जेमतेम ७ मिमी आत येईतो ४ मिमी चढलेला असतो. म्हणजे ४ मिमीची वेल फक्त त्या शेवटच्या ७ मिमीच्या पट्ट्यातच घुमटाच्या वर राहते. तुम्हाला दिसतंय ते नेमकं तेच.

काही जण यावर कमळाची बेस हाइट (खालच्या पायाची उंची) वाढवून ते वर उचलतात आणि मर्जच ठेवतात. तसं करू नका. कमळाची पाठ सपाटच राहते. मधे ते घुमटाला टेकतं आणि कडेला उभी भिंत तयार होते, जणू घुमटावर बशी ठेवलीय.

घुमटावर नक्षी चढवायची तर अ‍ॅडच पाहिजे, कारण खालचा आकार जसा वळतो तशी नक्षी वळली पाहिजे. पण अ‍ॅड सरसकट सगळ्यांना लावलंत म्हणून गाठी उठल्या. पान ४, पाकळी ६, दोन्ही घुमटात अ‍ॅड केली की जिथं पाकळी पानावर येते तिथं घुमटाच्या वर १० मिमी होतात. हीच तुमची गाठ.

नक्षीचे तुकडे आपसात मर्ज करायचे, आणि मर्ज झालेली सगळी नक्षी एकगठ्ठा घुमटावर अ‍ॅड करायची. पान ४ आणि पाकळी ६ यांच्यात मोठी उरते, ६. मग ती घुमटावर चढते, मधे ४६. गाठ नाही.

अस्पायरमध्ये यासाठी लेव्हल (थर) वापरा. कंपोनंट ट्री (नक्षीच्या तुकड्यांची यादी) खालून वर मोजला जातो, म्हणून सगळ्यात खालच्या लेव्हलवर एकटा घुमट ठेवा. त्याच्या वर दुसरी लेव्हल काढा, तिच्यात पानं, कमळ, वेल. त्या लेव्हलच्या आतल्या प्रत्येक कंपोनंटचा कंबाइन मोड (जोडायची पद्धत) मर्ज, आणि त्या लेव्हलचा स्वतःचा मोड अ‍ॅड. बहुतेक जण लेव्हललाही मोड असतो हे बघतच नाहीत.

लेव्हल वापरायच्या नसतील तर पानं-कमळ-वेल मर्जवर ठेवून घुमट बंद करा, ती सगळी निवडून बेक करा, एकच कंपोनंट होईल. मग घुमट चालू करून त्या एका कंपोनंटला अ‍ॅड द्या. तोटा एवढाच की बेक झाल्यावर एखादं पान हलवता येत नाही. म्हणून बेकच्या आधीची फाइल वेगळ्या नावानं जपून ठेवा.

चौकोनी पाट आणि बारक्या वेलीचं नंतर लिहितो. आधी एवढं करून बघा.

---

रंधा

पटाशीदादा, लेव्हलचं केलं. गाठी गेल्या! लेव्हलवर उजवं बटण दाबलं की मोड दिसतो हे ठाऊकच नव्हतं.

पण एक नवीन दिसायलंय. पाकळीची टोकं जिथं पानावर येतात तिथं टोक पानात बुडतंय. पाकळी मधे उंच आहे, पण कडेला पातळ होत जाते, आणि पान तिथं पूर्ण ४ मिमी. मग पानच वर राहतं. टोकाचा आकार तुटल्यासारखा दिसतो.

---

पटाशी

बरोबर पकडलंत. मर्जला फक्त उंची कळते. कोण कोणाच्या वर आहे, हे त्याला कळत नाही. ते आपण उंचीतूनच सांगायचं.

हातानं कोरणारा माणूस काय करतो ते आठवा. पान पाकळीच्या खाली घालायचं असलं की तो पान पाकळीजवळ येईतो खोल घेत जातो. तेच इथं करायचं. पानाचा कंपोनंट उघडा, फेड घ्या, देठाकडून, म्हणजे कमळाच्या बाजूनं उतरता ठेवा. पाकळीच्या टोकाशी पान १ मिमीच्या खाली आलं पाहिजे. आणि कमळाला बेस हाइट दीड मिमी द्या, म्हणजे पाकळीच्या कडेला जाडी मिळते. नक्षीच्या आतली बेस हाइट चालते, कारण कमळ-पानाची सगळी लेव्हल नंतर घुमटाबरोबर वळतेच. आधी नको म्हटलं होतं ते घुमटाच्या तुलनेत कमळ उचलायला.

दीड मिमीची उभी कड पाकळीला उलट शोभते. खाली बारीक सावली पडते आणि पाकळी पानापासून सुटी दिसते.

आता पाट. एसटीएल विकणारे बहुतेक नक्षी एका पातळ तक्त्यावर ठेवून देतात. तो तक्ताही तुमच्या मॉडेलचाच भाग होतो, आणि अ‍ॅड केलं की तक्त्याची जाडी घुमटावर चढते. आयात करताना झीरो प्लेनचा सरकपट्टा येतो तो तक्त्याच्या वरपर्यंत चढवा, खालचं सगळं कापलं जातं. आधीच आयात झालं असेल तर कमळाची बाह्यरेषा काढून तिच्या बाहेरचं साफ करा. मर्जमध्ये असा तक्ता घुमटाखाली दडून जातो, म्हणून तेव्हा तो लक्षातही येत नाही.

---

निळी_शाई (नांदेड)

वेलीचं मी सांगते, कारण हा प्रश्न मला कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये पडला होता आणि त्यातलं गणित मला फार आवडलं.

अ‍ॅड उंची देतं ती सरळ वर, झेडच्या दिशेनं. घुमटाच्या पृष्ठाला काटकोनात नाही. मधे पृष्ठ आडवं असतं तेव्हा दोन्ही एकच. पण कडेला पृष्ठ उतरतं. तिथं तुम्ही सरळ वर ४ मिमी दिलेत तरी पृष्ठापासून काटकोनात मोजलेली जाडी कमी भरते. उतार ३० अंश असेल तर ८७ टक्के, ४५ ला ७१ टक्के, ६० ला बरोबर निम्मी.

तुमच्या चकतीचं काढूया. १५० मिमी अर्धा व्यास आणि ४० मिमी उठाव, म्हणजे पूर्ण गोलाची त्रिज्या सुमारे ३०१ मिमी आणि अगदी काठाला उतार जवळपास ३० अंश. म्हणजे ४ मिमीची वेल काठाला सुमारे साडेतीन मिमी उरते. म्हणून ती चेपलेली वाटते. उपाय सोपा आहे, वेल वेगळा कंपोनंट आहेच, तिची शेप हाइट ४.६ करा. ४.६ चे ८७ टक्के म्हणजे ४ आले.

दुसरी गोष्ट ताणाची. वरून ४० मिमी दिसणारी पाकळी काठाजवळच्या उतारावर मोजली तर ४६ मिमी भरते. ज्यांना हे दोन्ही दुरुस्त करायचंय त्यांनी नक्षी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वळवावी. एक सपाट जाळी घ्यायची, तिच्यावर नक्षी ठेवून सरफेस डिफॉर्मनं बांधायची, मग जाळी घुमटाच्या आकाराला आणायची. नक्षी तिच्याबरोबर काटकोनात वळते. राइनो हे सॉफ्टवेअर असेल तर त्यात फ्लो अलाँग सरफेस आहेच. ब्लेंडर फुकट आहे. शिकायला वेळ लागतो, पण एकदा हात बसला की मूर्तीसाठीसुद्धा उपयोगी पडतं.

---

वाकस (उदगीर)

ताई, गणित छान मांडलंत. पण या कामाला ब्लेंडर लागत नाही असं माझं ठाम मत आहे, आणि कारण सांगतो.

गाभाऱ्याचं दार माणूस समोरून बघतो. समोरून बघताना पाकळी वरून जेवढी काढली तेवढीच दिसते, ४० ची ४० च. उतारावर ती ४६ भरते हे टेप लावणाऱ्याला कळेल, दर्शनाला आलेल्याला नाही. उलट तुम्ही ती पृष्ठावर ४० केलीत तर समोरून ३५ दिसेल आणि कमळाचा काठ आत ओढल्यासारखा वाटेल. म्हणून समोरून बघायच्या वस्तूला, म्हणजे दार, प्रभावळ, महिरप, ताणाची दुरुस्ती करूच नये. उंचीची करावी, कारण सावली उंचीवर असते.

डोक्यावरचा घुमट, पालखीचं छत, रथाचा कळस या वस्तू खालून आणि चारी बाजूंनी बघितल्या जातात. तिथं ताईंची पद्धत पाहिजे.

---

निळी_शाई

वाकसकाका, समोरून बघण्याचा मुद्दा मान्य. त्यातच एक भर घालते. काटकोनात वळवलेली नक्षी तीन अक्षांच्या मशीनला त्रासही देते. सपाटावर पाकळीची कड सरळ उभी असेल तर घुमटाच्या ३० अंश उतारावर ती बाहेर ३० अंश कलते, म्हणजे तिच्याखाली पोकळी होते. वरून येणारा बिट (कापणारं पातं) तिथं पोचत नाही. अस्पायर असं मॉडेल आयात करताना प्रत्येक ठिकाणी एकच उंची ठेवतं, पोकळी भरून सरळ भिंत करून टाकतं. पालखीच्या छताला असं करायचंच असेल तर सपाटावर असतानाच कडांना उतार ठेवा, ६० अंशांपेक्षा उभं काही नको.

---

रंधा

वेल ४.६ केली. आता मधल्या कमळाच्या जोडीला बसायली. ताणाचं वाकसकाकांचं पटलं, तसंच ठेवतो.

एक विचारायचं होतं. कमळाचं एसटीएल नेटवरून घेतलेलं आहे. विश्वस्तांपैकी एक आजोबा म्हणाले, हे आपल्याकडचं कमळ वाटत नाही. मला नेमकं काय खटकतंय ते सांगता येईना.

---

सागवान_लातूर

आजोबांची नजर चांगली आहे.

बाजारात फिरणाऱ्या बऱ्याच फाइलींत कमळ गुलाबासारखं असतं, पाकळ्या एकमेकींत गुंतलेल्या, टोकं बाहेर वळलेली. आपल्याकडचं दगडातलं कमळ वेगळं. मधे बीजकोश, त्याच्याभोवती पाकळ्यांची एक रांग, तिच्या बाहेर दुसरी, आणि बाहेरच्या पाकळ्या आतल्या पाकळ्यांच्या फटींतून निघतात. टोक साधं, किंचित उचललेलं.

वेरूळला जाऊन या. कैलास लेण्याच्या मंडपाच्या छतावर मोठं कमळ कोरलेलं आहे, भोवती चार सिंह. वरच्या कड्यावरून ते अख्खं दिसतं, अगदी तुमचं सॉफ्टवेअर वरून दाखवतं तसं. अजिंठ्याला दोन नंबरच्या लेण्याच्या छतावर कमळाची रंगवलेली मंडलं आहेत, त्यात वेल वर्तुळात कशी फिरवावी ते बघायला मिळेल. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. आणि परभणीहून औंढा नागनाथ तर जवळच. तिथल्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरची नक्षी सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. किती कमी खोलीत किती काम केलंय ते दुपारी कळत नाही.

फोटो काढाल, पण फोटो थेट करड्या छटांत बदलून रिलीफ करू नका. फोटोतला काळा भाग म्हणजे सावली, खोली नव्हे. पाकळीच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा होऊन बसतो.

---

पटाशी

सागवानकाकांना जोडून. कमळ तुम्ही स्वतः अस्पायरमध्ये सहज काढू शकता. एकच पाकळी नीट करा, टू रेल स्वीपनं, मधे शिर ठेवून. आतल्या रांगेला ८ प्रती गोल फिरवून, बाहेरच्या रांगेला त्याच ८ प्रती साडेबावीस अंश वळवून आणि थोड्या मोठ्या करून. बाहेरची रांग कंपोनंट ट्रीत खाली, मोड मर्ज, आतल्या रांगेची बेस हाइट एक मिमी जास्त. बीजकोश सगळ्यात वर. त्यातल्या बियांच्या खळग्यांना सबट्रॅक्ट (उंची वजा करणारा मोड) लावा.

एकच ध्यानात ठेवा, खळगे त्याच नक्षीच्या लेव्हलवर असू द्या. वर वेगळी लेव्हल करून तिला लो मोड (दोनातली लहान उंची ठेवणारा) दिलात तर खळग्याची उंची घुमटाच्या ४० शी तुलना होते आणि थेट तळापर्यंत भोक पडल्यासारखं होतं.

---

गिरमिट (जालना)

टूलपाथचं (बिट फिरायच्या वाटेचं) कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. रिलीफ कितीही छान जोडा, मॉडेलचं रिझोल्यूशन आणि बिटाची वाट चुकली तर सगळं वाया.

रिझोल्यूशन: चकती अख्ख्या कवाडाच्या फाइलमध्ये करू नका. कवाड २१०० मिमी लांब असेल आणि मॉडेलला त्या लांबीत २००० ठिपके मिळत असतील तर दोन ठिपक्यांत १ मिमीहून जास्त अंतर पडतं. पाकळीची शिर त्यात विरघळते. चकतीची वेगळी ३४०-३५० मिमीची फाइल करा, तेवढेच ठिपके त्यात ०.१७ मिमीवर येतात.

एक सूचना ज्यांची नक्षी करड्या चित्रांतून (छटेवरून उंची ठरते अशा) येते त्यांना. आठ बिटच्या चित्रात फक्त २५६ पायऱ्या असतात. घुमट आणि नक्षी दोन्ही एकाच चित्रात घातलीत तर ४० मिमीला एकेक पायरी ०.१६ मिमीची पडते आणि घुमटावर नकाशातल्यासारख्या रेषा उठतात. घुमट सॉफ्टवेअरमध्येच करा, चित्रातून फक्त नक्षी आणा, आणि जमलं तर सोळा बिट, त्यात ६५,५३६ पायऱ्या.

बिट: रफिंग (पहिली ढोबळ कापणी) ६ मिमी एंडमिल (सपाट टोकाचा बिट), अर्धा मिमी माल सोडून. फिनिशिंगला (शेवटच्या बारीक कापणीला) २ मिमी टोकाचा टेपर बॉलनोज (निमुळता, गोल टोकाचा बिट), स्टेपओव्हर (दोन वाटांमधलं अंतर) ०.२. ३०० मिमीच्या चकतीत बिट साधारण ३५० मीटर चालतो. मिनिटाला अडीच मीटर धरलं तरी कागदावर सव्वादोन तासांच्या वर जातं आणि प्रत्यक्षात जास्त, कारण नक्षीवर मशीनला वेग घेता येत नाही.

आता उताराची गोष्ट इथंही आहे. वरून ०.२ अंतर असलं तरी ६० अंशाच्या पाकळीच्या कडेवर दोन वाटांमधलं खरं अंतर ०.४ होतं, आणि मधे उरणारा कंगोरा चौपट. म्हणून पहिली फिनिशिंग लाकडाच्या रेघेच्या दिशेनं पूर्ण चकतीवर, आणि दुसरी आडवी, फक्त कमळाच्या भोवती हद्द आखून. पूर्ण चकतीवर दुसऱ्यांदा फिरवायची गरज नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. चकतीच्या बाहेर ठोकळा तसाच ठेवलात तर काठाशी ४६ मिमी उंच भिंत उभी राहते. टेपर बिट बारका असतो, पण त्याच्या वर कोलेटचा (बिट पकडणाऱ्या चिमट्याचा) नट आहे. ईआर-२० या मापाच्या कोलेटचा नट ३४ मिमी व्यासाचा. काठाची वेल कोरताना बिट खाली गेला की नट त्या भिंतीला घासणार. एकतर ठोकळा आधीच पट्टी करवतीवर गोल कापून घ्या, नाहीतर रफिंगची हद्द काठाबाहेर निदान २० मिमी ठेवा.

---

रंधा

गिरमिटभाऊ, नटाचं मनातच आलं नव्हतं. ठोकळा गोल कापूनच घेतो. पण मग पकडायचा कसा? कडेला क्लँप लावायला जागा राहणार नाही.

---

गिरमिट

मागून स्क्रू. चकतीच्या पाठीला मध्याजवळ चार स्क्रू, खालच्या फळीतून वर घेतलेले. वर मधे लाकूड भरपूर जाड आहे, स्क्रू १५ मिमी आत गेला तरी कोरीवकामापर्यंत पोचत नाही. काठाला मात्र स्क्रू लावू नका, तिथं जाडी उरत नाही. तुमच्या हिशेबात ५५ पैकी ४६ वापरलेत तर काठाखाली ९ मिमी शिल्लक राहतं, त्यात कवाडात बसायची खाच पण घ्यायची असेल ना?

लाईटचं पण बघून ठेवा. अडीच-तीन तासांच्या फिनिशिंगमध्ये लाईट गेली तर कंट्रोलर थांबल्या जागेपासून पुन्हा सुरू करतो का, हे एमडीएफवर मुद्दाम बंद करून तपासा. नसेल करत तर फिनिशिंग चार भागांत तोडा, प्रत्येक भागाची वेगळी फाइल, आणि भाग एकमेकांवर १ मिमी चढवून.

---

वाकस

फिनिशिंग झाल्यावर पॉलिश पेपर घेऊन लगेच बसू नका. पाकळ्यांच्या मुळाशी, जिथं दोन पाकळ्या मिळतात, तिथं २ मिमीचा बिट गोलाई सोडतो. बारकी पटाशी घेऊन तेवढी खाच उभी, धारदार करा. दोन-तीन तासांचं काम आहे, पण कमळ मशीनचं राहत नाही. विश्वस्तांच्या त्या आजोबांना बोलावून त्यांच्या समोर करा, त्यांना बरं वाटेल.

---

योगेश्वरीचा_पाहुणा (अंबाजोगाई)

चांगला धागा चाललाय, त्यातच विचारतो. आमच्याकडं जुन्या वाड्याचं काम आहे. माळवदाखालचे दोन खांब किडीनं गेलेत, तसेच नवे करायचे. व्यास खाली १२० मिमी, वर ८० मिमी, मधला कोरायचा भाग ९०० लांब. रोटरी (खांब फिरवत कोरायची जोडणी) लावलेलं मशीन आहे. त्यावर वेल आणि फुलं. इथंही आधी निमुळता आकार आणि त्यावर अ‍ॅड असंच करायचं ना? आणि फुलं वरती लांबट होतात, त्याचं काय?

---

पटाशी

हो, रचना तीच. खालच्या लेव्हलवर निमुळता आकार, वर नक्षीची लेव्हल, आत मर्ज, बाहेर अ‍ॅड. रोटरीत एक सोय अशी की उंची खांबाच्या मध्यापासून बाहेर जाते, म्हणजे गोलाईला काटकोनातच. निळी_शाई यांनी सांगितलेलं चेपणं त्यामुळं इथं होत नाही. लांबीच्या दिशेचा उतार ९०० मध्ये २० मिमी, तो इतका कमी की सोडून द्या.

फुलांचं असं. सपाट फाइलची रुंदी म्हणजे खालचा घेर, १२० ला सुमारे ३७७ मिमी. वरच्या टोकाला खरा घेर २५१ च. म्हणजे ३७७ मध्ये काढलेलं सगळं तिथं दोन तृतीयांश रुंदीत दाबलं जातं आणि गोल फूल उभं लांबट होतं. म्हणून वरच्या टोकाचं फूल फाइलमध्ये दीडपट रुंद काढा, मधलं १.२ पट, खालचं जसंच्या तसं. वेलीच्या देठाला हे लावायची गरज नाही, देठ वर जाताना बारीक झालेला चांगलाच दिसतो.

सांध्याचं मी आधीच सांगून ठेवतो, तो प्रश्न येणारच. फाइलची डावी आणि उजवी कड खांबावर एकत्र येते. वेल तिथून जाणार असेल तर तो कंपोनंट डाव्या कडेवर ठेवा आणि त्याचीच प्रत उजवीकडं बरोबर एक घेर अंतरावर ठेवा, ३७६.९९ मिमी. अंतर माउसनं ओढू नका, आकडा टाइप करा. कडेबाहेर गेलेला भाग आपोआप कापला जातो आणि दोन्ही बाजूंची उंची जुळते. फक्त कोणतंही अख्खं फूल त्या रेषेवर आणू नका, आणि खांब बसवताना ती रेषा भिंतीच्या बाजूला ठेवा.